विकास निधीतून गावचं जंगल, माळ आणि ओढा कसा राखायचा: ग्रामसभेपासून जिल्हा नियोजनपर्यंत

सह्याद्रीतल्या कुठल्याही चार देवराया बघा, एका तरी ठिकाणी देवळासमोर नवा सभामंडप, खाली पेव्हर ब्लॉक, वर हायमास्ट आणि थेट गाभाऱ्यापर्यंत डांबरी रस्ता दिसणारच. या सगळ्यासाठी दोन-चार जुनी झाडं गेलेली असतात ती वेगळीच. पैसा कुठून आला विचारलं की उत्तर येतं, "क वर्गातून आला ना." म्हणजे जिल्हा नियोजन समितीने त्या जागेला क वर्ग यात्रास्थळ म्हणून मान्यता दिली आणि निधी पडला. पण त्याच देवराईतली रानमोडी (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप) काढायला, भोवतीचा चर खणायला किंवा उन्हाळ्यात वणवा येऊ नये म्हणून दोन माणसं ठेवायला पैसे मागितले की सगळे म्हणतात त्यासाठी हेडच, म्हणजे खर्चाचं शीर्षच नाही.

हेड असतं. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात. अडचण अशी आहे की विकास निधीची सगळी यंत्रणा बांधकाम डोळ्यासमोर ठेवून बनलीय, तिला मोजता येणारं काम कळतं, लांबी रुंदी खोली कळते, त्यामुळे निसर्गाचं काम त्या भाषेत मांडून दिलं तरच ते फायलीतून पुढे सरकतं. आणि मांडताना ते बांधकामच होऊन बसणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते, हा दुसरा भाग जास्त अवघड आहे. हा लेख सरपंच, सदस्य, जैवविविधता समितीतली मंडळी, गावातली तरुण पोरं किंवा शहरात नोकरीला असून गावासाठी काहीतरी करायचंय अशा सगळ्यांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, गोव्याचं शेवटी थोडं.

पहिलं काम: काय राखायचंय ते कागदावर आणा

"गाव हिरवं करायचंय" या वाक्यावर कोणी रुपया देत नाही, आणि दिला तर त्यातून गिरिपुष्पाची रोपं येतात. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आधी लिहा. देवराई आहे का, गायरान आहे का, ओढा वर्षातले किती महिने वाहतो, तळ्यावर हिवाळ्यात पक्षी येतात का, माळावर लांडगा किंवा काळवीट दिसतं का. शिवारफेरी एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा भर उन्हाळ्यात करा, कारण एप्रिलमध्ये उजाड दिसणारा माळ सप्टेंबरमध्ये गवताने आणि फुलांनी भरलेला असतो आणि ज्याने तो फक्त एप्रिलमध्ये बघितला तो त्याला पडीक म्हणून मोकळा होतो. गुराखी, वैदू, मासे धरणारे, लाकूडफाटा आणणाऱ्या बायका यांना सोबत घ्या, त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच सर्व्हेत नसतं.

यासाठी एक कायदेशीर वही आधीपासून आहे. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बहुतेक गावांत समिती कागदावर झालेली आहे आणि नोंदवही कुठल्यातरी एजन्सीने भरून दिलेली आहे, शेजारच्या गावाची आणि तुमची जवळपास सारखीच. तरी ती मागून घ्या, त्यात दुरुस्त्या करा, ग्रामसभेसमोर वाचा. उद्या प्रस्ताव करताना "नोंदवहीतील नोंदीनुसार सदर क्षेत्रात..." अशी सुरुवात करता आली की समोरच्या अधिकाऱ्यालाही एक आधार मिळतो.

दुसरं: जागा कोणाची, सातबारा काढा

हे बोअर काम आहे पण अर्धे प्रस्ताव इथेच मरतात. गट नंबर शोधा, सातबारा काढा, कब्जेदाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

वनविभागाची जमीन असेल तर ग्रामपंचायत तिथे परस्पर काही करू शकत नाही, काम वनविभागच करणार, तुम्ही मागणी आणि पाठपुरावा करायचा. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर चित्र पूर्ण वेगळं, कारण वनहक्क कायदा २००६ ने त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला आणि त्यानंतर विदर्भातल्या शेकडो गावांनी तो वापरला. गायरान असेल तर जमीन शासनाची आणि व्यवस्था पंचायतीकडे, तिथे महसूलची ना हरकत लागते आणि अतिक्रमण असेल तर आधी तो घोळ निस्तरावा लागतो. देवराईचं सगळ्यात किचकट. काही देवराया वनविभागाकडे, काही महसूलकडे, काही खाजगी समाईक खात्यात पंधरा-वीस नावांवर, काही देवाच्या नावावर, आणि कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग भागात असाल तर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचा संबंध येतो का तेही बघा.

ओढा मात्र बहुतेक वेळा सातबाऱ्यावर सापडतच नाही, गाव नकाशावर सापडतो. त्यामुळे भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची प्रत आणा आणि जमलं तर मोजणी करून घ्या, कारण ओढ्याची हद्द दोन्ही बाजूंच्या शेतात किती गेलीय हे कळल्याशिवाय काठाला झाडं लावायला जाल तर भांडणं लागतील.

तिसरं: कुठला पैसा कशाला चालतो

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळे आमदारांकडे जातात आणि आमदार निधी हा या कामासाठी बहुतेक वेळा सर्वात गैरसोयीचा पैसा असतो.

सगळ्यात जवळचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातच असतो, वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात म्हणजे २०२५-२६ पर्यंत ६० टक्के निधी बंधित होता, त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पगार सोडून गावाच्या गरजेनुसार. २०२६ ते २०३१ साठी १६ वा वित्त आयोग आहे, त्याचं प्रमाण आणि अटी नवीन जीआरमध्ये बघून घ्या, पण तत्त्व तेच ठेवा: ओढ्याच्या उगमाकडची झऱ्याची कामं, विहीर पुनर्भरण, सांडपाणी ओढ्यात जाण्याआधी गाळणं ही सगळी कामं पाणी आणि स्वच्छतेच्या शीर्षात व्यवस्थित बसतात. सांडपाणी ओढ्यात सोडणं बंद झालं की जलपर्णीही कमी होते. हे पर्यावरणाचं काम आहे हे कोणाला सांगायचीही गरज नाही, स्वच्छतेचं म्हणून करा.

दुसरा म्हणजे रोजगार हमी योजना, रोहयो. महाराष्ट्राचा स्वतःचा रोहयो कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा आणि आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा केलाय, त्यामुळे कामांची आत्ताची यादी रोजगार सेवकाकडून किंवा पंचायत समितीतून घ्याच. पण सलग समतल चर, अनघड दगडी बांध, वनतळी, रोपवाटिका, सार्वजनिक जागेवर वृक्षलागवड आणि तिची देखभाल ही रोहयोची वर्षानुवर्षांची कामं आहेत. हा पैसा निसर्गाच्या कामाला सगळ्यात जास्त सूट होतो असं माझं मत, कारण तो मुख्यतः मजुरीवर जातो. मजुरी आणि साहित्य ६०:४० या जुन्या प्रमाणाला लोक शिव्या घालतात, पण त्याच प्रमाणामुळे सिमेंटला लगाम बसत होता. अडचण एकच, गावात मागणी करणारे मजूर हवेत आणि पगार उशिरा येतो, त्यामुळे बागायती पट्ट्यातल्या गावांना हा मार्ग जमत नाही.

तिसरा, जिल्हा नियोजन समिती. लोक याला अजून डीपीडीसी म्हणतात. घटनेच्या २४३ झेडडी कलमावर आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमावर ही समिती उभी आहे, पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि रोजचं काम बघणारा जिल्हा नियोजन अधिकारी. जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात, सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. सर्वसाधारणमध्ये वन, सामाजिक वनीकरण, मृद व जलसंधारण, पर्यटन अशी वेगवेगळी शीर्षं असतात, आणि एक महत्त्वाचं शीर्ष असतं नावीन्यपूर्ण योजना. कुठल्याच ठरलेल्या योजनेत न बसणारं काम इथे टाकता येतं. झऱ्यांचं सर्वेक्षण आणि संवर्धन, आक्रमक झाडोरा काढून देशी गवत परत आणणं, गवताळ माळाचं व्यवस्थापन, अशी कामं मांडायला हीच जागा. मात्र दर वर्षी या शीर्षातून कॅमेरे, डिजिटल शाळा आणि जिम घेणारे विभाग रांगेत असतात, तेव्हा उशिरा गेलात तर संपलं.

पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात असाल तर तुमच्याकडे असा पैसा आहे जो बाकीच्या गावांकडे नाही. आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना येतात, अबंध निधी म्हणतात तो, आणि त्याच्या वापराच्या चार गटांपैकी एक पूर्ण गट वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी, वन्यजीव पर्यटन आणि वन उपजीविका यासाठी आहे. म्हणजे शासनाने स्वतः लिहून दिलंय. तरी १३ जिल्ह्यांतल्या पेसा गावांपैकी कितीतरी ठिकाणी हा पैसा खुर्च्या, भांडी आणि मंडपात जातो, कारण चार गट असतात हेच पाड्यावर कोणी सांगितलेलं नसतं. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिचा ठराव वेगळा करून घ्या.

खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांकडून रॉयल्टीच्या प्रमाणात जादा रक्कम घेऊन हा निधी उभा राहतो आणि त्यातला मोठा वाटा ज्या उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्चायचा असतो त्यात पर्यावरण संवर्धन आणि प्रदूषण नियंत्रण स्पष्ट लिहिलेलं आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीवाल्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवा.

व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, २०१५ पासूनची. कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या भरपाईचा पैसा वनविभागाकडे असतो, तो गावाला थेट मिळत नाही पण वनक्षेत्रपालांशी संबंध बरे असतील तर तुमच्या गावालगतचं वनक्षेत्र त्यांच्या आराखड्यात घेता येतं.

आता आमदार, खासदार निधी. खासदाराला वर्षाला ५ कोटी, आमदारालाही आता ५ कोटी, रक्कम मोठी वाटते पण हा पैसा टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. रोपांची तीन वर्षं देखभाल, राखणदाराचं मानधन, वणव्याच्या काळातली गस्त असला आवर्ती खर्च त्यात बसत नाही. शिवाय खासदार निधीतून धार्मिक स्थळाच्या जागेत काम करता येत नाही, म्हणजे देवाच्या नावावरची देवराई तिथेच बाद. या निधीतून मागायचंच असेल तर पाण्याची टाकी, सोलर पंप, रोपवाटिकेचं कुंपण असं एखादं भक्कम काम मागा आणि बाकीचं दुसरीकडून जोडा. २५१५ या शीर्षाखालच्या ग्रामविकास निधीबद्दल बोलायलाच नको, तो रस्ते आणि सभामंडपांचाच आहे.

चौथं: ग्रामसभेचा ठराव नीट लिहा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा. गावाचा विकास आराखडा, आपल्याकडे "आमचं गाव आमचा विकास" नावाने चालतो तो, साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून तयार होऊ लागतो आणि नंतर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. तुमचं काम आराखड्यात नसेल तर वर्षभर कोणी काही करू शकत नाही. आराखड्यात नऊ संकल्पना आहेत, त्यात "जलसमृद्ध गाव" आणि "स्वच्छ आणि हरित गाव" या दोन तुमच्या उपयोगाच्या, त्यापैकी एक पंचायतीने आधीच निवडली असेल तर तुमचं अर्धं काम झालं. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी असेल ते, पेसात वेगळी. कोरम नसताना सह्या गोळा करून केलेला ठराव पुढे कोणी तक्रार केली की उलटतो.

ठराव मोघम नको. असा काहीतरी लिहा:

"मौजे ... येथील गट क्र. ... क्षेत्र ... हेक्टर गायरानावर नैसर्गिक गवत व देशी झाडोऱ्याचे संवर्धन करणेकामी, क्षेत्राच्या हद्दीवर चर खोदणे, आक्रमक वनस्पती हाताने काढणे, तीन वर्षे राखण करणे ही कामे जिल्हा वार्षिक योजनेतून घेणेस ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सदर क्षेत्रात सिमेंट काँक्रीटचे बांधकाम, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट व विदेशी प्रजातींची लागवड करण्यात येऊ नये. चराईचे नियम ग्रामसभा ठरवील."

तो "येऊ नये" वाला भाग घालायला विसरू नका. पुढे कंत्राटदार आल्यावर गावाच्या हातात तेवढाच कागद असतो. आणि चराईचा विषय गुरं-शेळ्या असणाऱ्यांशी आधी बोलून मिटवा, ग्रामसभेत अचानक काढलात तर धनगर वस्ती विरुद्ध गाव असं होईल आणि त्यात बरोबर त्यांचंच असेल. पाळीपाळीने भाग बंद ठेवणं, कापून नेण्याच्या गवतात वाटा, असं काहीतरी ठरतं. हिवरे बाजारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी टिकली त्यामागे गवत कापून न्यायची मुभा होती हे लोक सांगायला विसरतात.

पाचवं: अंदाजपत्रक, इथे खरी लढाई

अंदाजपत्रक कोण बनवतं यावर काम काय होणार ते ठरतं. बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याकडे गेलात तर तो त्याला येणारी वस्तू लिहिणार, म्हणजे रिटेनिंग वॉल. त्याचा दोष नाही, त्याच्या दरसूचीत वॉल आहे आणि रानमोडी नाही. म्हणून लागवड आणि झाडोऱ्याच्या कामासाठी सामाजिक वनीकरणाचा लागवड अधिकारी किंवा वनक्षेत्रपाल, चर-बांधासाठी मृद व जलसंधारण किंवा कृषी सहायक, रोहयो असेल तर तांत्रिक सहायक, यांच्याकडे जा. वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाकडे लागवडीचे ठरलेले मॉडेल असतात, खोदाईपासून तिसऱ्या वर्षाच्या निंदणीपर्यंतचा खर्च त्यात दिलेला असतो.

मॉडेल डोळे झाकून घेऊ नका. तीन बाय तीन मीटर अंतराने हेक्टरी ११११ रोपं हे नेहमीचं गणित. उघड्या बोडक्या डोंगरउतारावर ठीक आहे. पण ज्या गायरानात जुने खुंट जिवंत आहेत, जांभूळ, हिरडा, पळस, आपटा यांना दर पावसाळ्यात फुटवे येतात आणि दर उन्हाळ्यात शेळ्या किंवा वणवा ते संपवतात, तिथे ११११ खड्डे काढणं म्हणजे चांगल्या मुळांवर टिकाव घालणं. तिथे फक्त हद्दीचा चर, जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत साफ केलेला पट्टा) आणि राखण मागा, खर्चही बराच कमी येतो. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने नव्वदच्या दशकापासून मुख्यतः राखणीवर जंगल परत आणलं, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामाला. पण "राखण" हा शब्द अंदाजपत्रकात टाकला की लेखाविभाग विचारतो मोजमाप काय? तर उत्तर तयार ठेवा: संरक्षक मजूर, मनुष्यदिवस, महिने. चर असेल तर रनिंग मीटर. रानमोडी काढणं असेल तर हेक्टर, आणि दोनदा, कारण एकदा उपटून पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्यांदा काढली नाही तर ती पहिल्यापेक्षा दाट येते.

गवताळ माळाबद्दल वेगळं सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याच्या पूर्वेकडचे माळ हे मुळातच गवताचे आहेत, लांडगा, काळवीट, खोकड, धाविक, चंडोल यांचं घर. नान्नजचा माळढोक याच माळांवरचा. तिथे झाडं लावणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं. २०१६ ते २०१९ मध्ये राज्यभर कोट्यवधी रोपांची मोहीम झाली, शेवटच्या वर्षी ३३ कोटींचं लक्ष्य होतं, आणि टार्गेट पुरं करायला मोकळी जागा म्हणून असे कितीतरी माळ दाखवले गेले. तीच गोष्ट सड्यांची, कोकणातल्या आणि कासच्या कातळ पठारांवर माती इंचभर असते, तिथे खड्डा काढायला जाल तर झाडही जगत नाही आणि पावसाळी फुलांचं बी-कंद जातात. माळासाठी अंदाजपत्रकात काय येतं? आधी लावलेलं गिरिपुष्प, सुबाभूळ काढणं, गवत बियाणं गोळा करून टाकणं, पाणवठा तोही उथळ उताराचा, आणि भटकी कुत्री आवरणं. शेवटचं बहुतेकांना हसू येईल, पण लांडग्यांना कुत्र्यांकडून रोग जातात.

ओढ्याचंही तसंच. नाला खोलीकरण हा शब्द अंदाजपत्रकात दिसला की थांबा. गाळ काढणं ठीक, पण पोकलेन लावून मुरूम ओलांडून खडकापर्यंत खणलेला, दोन्ही काठांची करंज-उंबर-वाळुंज उपटलेला सरळ कालवा म्हणजे ओढा राहत नाही, डोह जातात, मासे जातात आणि काठच्या विहिरींचं पाणीही उन्हाळ्यात त्यात उतरून निघून जाऊ शकतं. त्याऐवजी माथ्याकडून चर, दगडी बांध, हिवाळ्यात वनराई बंधारे, काठाला जागेवरचीच झाडं. माथा ते पायथा असं म्हणतात सगळे, करताना मात्र पायथ्यापासून सुरू करतात कारण तिथे मशीन जातं.

सहावं: फाइल आणि वेळ

प्रस्तावात हे लागतं: ग्रामसभा ठराव, सातबारा आणि नकाशा, जागामालकाची ना हरकत, अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसह, आधीचे फोटो अक्षांश-रेखांशासह, काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नाही असा दाखला, आणि देखभाल कोण करणार याचं हमीपत्र. शेवटच्या कागदावर ग्रामपंचायत सही करायला घाबरते, पण तो नसेल तर फाइल परत येते.

जिल्हा नियोजनचं चक्र साधारण असं फिरतं की पावसाळा संपत आला की यंत्रणा पुढच्या वर्षीची मागणी गोळा करतात, डिसेंबर-जानेवारीत समितीची बैठक, मग राज्यस्तरीय बैठक, मार्चमध्ये अर्थसंकल्प. म्हणजे २०२७ च्या पावसाळ्यात लागवड हवी असेल तर २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमचं काम वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या मागणीत गेलेलं पाहिजे. थेट नियोजन अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन फार काही होत नाही, त्यांनाही कार्यान्वयीन यंत्रणेचाच प्रस्ताव लागतो. प्रशासकीय मान्यता आता आयपास या ऑनलाइन प्रणालीतून जातात, तेव्हा यंत्रणेच्या बाबूंना विचारा "आयपासवर पडलं का?" पडलं नसेल तर बाकी आश्वासनांना अर्थ नाही. मध्येच आचारसंहिता लागली तर नवीन मान्यता थांबतात, निवडणुकांचा अंदाज घेऊन महिना-दोन महिने आधीच धावपळ करा.

यंत्रणा निवडताना एक बारीक गोष्ट. राज्य शासनाच्या विभागाला त्या वर्षीचा पैसा ३१ मार्चपर्यंत खर्च करावा लागतो, जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. निसर्गाच्या कामाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि सरकारचं एप्रिलला, त्यामुळे जलसंधारणासारखं काम जिल्हा परिषदेकडून घेतलं तर मार्च एंडच्या घाईत फेब्रुवारीत रोपं लावायची वेळ येत नाही. हो, फेब्रुवारीत रोपं लावतात लोक, बिल काढायला.

सातवं: काम सुरू झाल्यावर

कार्यारंभ आदेशाची प्रत मागा, त्यातलं काम आणि ठरावातलं काम एकच आहे का ते ओळीओळीने बघा. खड्डे एप्रिल-मेमध्ये, रोपं पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोपं दीड-दोन वर्षांची, पिशवीतली, जवळच्या रोपवाटिकेतली आणि शक्य असेल तर तुमच्याच देवराईच्या बियांची, त्यासाठी रोपवाटिकेला दीड-दोन वर्षं आधी बी द्यावं लागतं. चर खणायला जेसीबी आणला तर कुठे फिरवायचा ते चुन्याने आखून द्या.

मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना गावातलं कोणीतरी हजर असू द्या. जिवंत रोपांची मोजणी दर ऑक्टोबर आणि मे अशी गावाने स्वतः करा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, त्या आकड्यामुळे पुढच्या वर्षीची देखभालीची रक्कम मागणं सोपं जातं. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो, आणि ग्रामसेवक, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते बदलून गेले की हे हमखास राहतं. सगळ्या फाइलची एक झेरॉक्स जैवविविधता समितीकडे ठेवा.

जागा फारच खास असेल तर

जैविक विविधता कायद्यात ३७ व्या कलमाने जैविक विविधता वारसा स्थळ जाहीर करता येतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली दलदलीतली रानजायफळांची राई, आंबोलीत हिरण्यकेशी देवळाच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाची जागा, गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल ही अशी स्थळं. बांबर्डेची राई जेमतेम अडीच हेक्टरची आहे, म्हणजे क्षेत्र लहान असलं तरी चालतं. प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावाने नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो. वेळ लागतो, पण एकदा अधिसूचना निघाली की देवळाभोवती काँक्रीट ओतायला येणाऱ्याला दाखवायला कागद असतो. आंबोलीच्या उदाहरणात तेच महत्त्वाचं, कुंडाची फरशी आणि भिंती "सुशोभीकरणात" गेल्या असत्या तर मासा संपला असता.

माझी वसुंधरा अभियानात, २०२० पासून चालू आहे ते, गुण मिळवून बक्षिसाची रक्कमही येते. पंचायतीला स्पर्धा म्हणून उत्साह येतो हे खरं, फक्त गुणांसाठी भिंती रंगवण्यात सगळी शक्ती जाऊ देऊ नका.

गोव्यातल्या मंडळींसाठी: जिल्हा खनिज प्रतिष्ठानं उत्तर आणि दक्षिण गोव्यात आहेत आणि पर्यावरणाची बाब तिथेही उच्च प्राधान्यातच येते. सत्तरी, सांगे, डिचोली भागातल्या पंचायतींनी खाणीच्या गाळाने भरलेले ओहोळ आणि शेतं यांचा प्रस्ताव त्यातूनच करावा. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन संस्थेची असेल तर पंचायतीचा ठराव पुरत नाही, कोमुनिदादची संमती वेगळी लागते.

सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर मी म्हणेन वणव्यापासून. जाळरेषा काढायला खर्च कमी, काम जानेवारीत होतं, गावाला परिणाम त्याच उन्हाळ्यात दिसतो आणि ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतूनही भागतं. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तेवढा एक विषय पटलावर घ्यायचं पत्र सरपंचांच्या नावाने आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या.